पगारावरचे कर्ज फेडणे जमत नसेल, तर हप्ते कसे बांधून घ्यावेत

पुढच्या पगाराच्या भरवशावर घेतलेले अल्पमुदतीचे कर्ज ठरल्या दिवशी फेडता येणार नाही हे लक्षात येताच, मुदत उलटण्याची वाट न पाहता कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवावे. शुल्क भरून मुदत वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्रत्येक वेळी १५ टक्के शुल्क असेल, तर चार वाढींत मुद्दलाच्या ६० टक्के रक्कम खर्ची पडते आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते.

पत्राआधी घरभाडे, किराणा, वीज, औषधे आणि प्रवास यांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडावा आणि उरेल तेवढाच हप्ता देऊ करावा. भीतीपोटी कबूल केलेला मोठा हप्ता पुढे थकतो आणि माणूस अधिकच खचतो. “दरमहा इतकेच शिल्लक राहतात, हिशेब सोबत जोडला आहे, व्याज व दंड थांबवून हप्ते बांधून द्यावेत,” एवढे लिहिले तरी पुरते. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी दिली असल्यास, ती रद्द करण्याबाबत बँकेला आणि कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर भाड्यासाठी ठेवलेले पैसेच कापले जातात. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नये. हप्त्याची रक्कम, तारखा आणि एकूण देणे लेखी हाती आल्यावरच पहिला हप्ता भरावा व त्याची पावती जपून ठेवावी.