एका सेलवरून अख्ख्या स्टॅकचं गणित? या चुका टाळा

महापे एमआयडीसीत आमचं ऑफिस. सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे 700 ते 850 अंश सेल्सिअसला तापवलेल्या सिरॅमिक सेलमध्ये वाफ फोडून हायड्रोजन काढणं. त्याचं माझं पहिलं गणिती मॉडेल एका सेलच्या चाचणीशी छान जुळलं. मग स्टॅकसाठी, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या चळतीसाठी, मी सेलच्या संख्येत 1च्या जागी 60 टाकले. स्टॅकभर तापमान 800 अंश, कुठे एका अंशाचाही फरक नाही. ते बघून सर एवढंच म्हणाले, "अरे, ही उष्णता कुणाच्या घरून येतेय?"

प्रयोगशाळेत सेल भट्टीत बसतो आणि कमी पडलेली उष्णता भट्टी गुपचूप पुरवते. मी तोच सेल 60 वेळा कॉपी केला, म्हणजे कागदावर 60 भट्ट्याही बांधल्या. स्टॅकच्या मधल्या सेलला भट्टी दिसतच नाही. त्याला दिसतात ते वरचे-खालचे शेजारी, आणि तेही त्याच्याइतकेच गारठलेले.

ठाणे स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याला हे न शिकवता कळतं. एक वडा सोडला तर तेलाला पत्ताही लागत नाही, वीस एकदम सोडले की तो आधी गॅस मोठा करतो.

आकड्यांत बघू. 800 अंशांना वाफेसाठी थर्मोन्यूट्रल व्होल्टेज साधारण 1.285 व्होल्ट. त्याखाली चालवलं तर सेल उष्णता शोषतो, वर चालवलं तर सोडतो. समजा 1.15 व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपिअर. एक चौरस सेंटिमीटरचा बटण सेल, म्हणजे प्रयोगशाळेतला चिमुकला चाचणी-सेल, 0.07 वॉटही शोषत नाही, भट्टीच्या खिजगणतीत नसलेली गोष्ट. 100 चौरस सेंटिमीटरचा सेल मात्र पावणेसात वॉट शोषतो, आणि असे 60 म्हणजे 400 वॉट. 80 टक्के वाफ वापरली जात असेल आणि ही सगळी उष्णता फक्त वाफेनेच आणायची असेल, तर तिला जवळपास 500 अंश थंड व्हावं लागेल! तसं अर्थातच घडत नाही. ऑक्सिजनच्या बाजूने सोडलेली हवा भार उचलते, आणि सेल थंडावला की रोध वाढून तो स्वतःच थोडी उष्णता निर्माण करतो. वाफेच्या पाचपट हवा सोडली तरी हिशोब 100 अंशांच्या आसपास घसरणीवर येतो. म्हणून मोठ्या स्टॅकला बाहेरून ठरलेलं तापमान बांधू नका. इन्सुलेशनमधून होणारा उष्णतेचा व्यय द्या आणि तापमान मॉडेललाच काढू द्या.

दुसरी चूक वाफेच्या वाटपाची. सोसायटीत टाकी भरलेली असली तरी सगळ्या मजल्यांवर नळाला सारखा जोर नसतो, तसंच मॅनिफोल्डचं, म्हणजे सगळ्या सेलना वाफ वाटणाऱ्या सामाईक नळीचं. पण इथे एक वाईट गोष्ट आहे: सेल सिरीजमध्ये असल्यामुळे करंट सगळ्यांना सारखाच. सरासरी वापर 80 टक्के धरला आणि एका सेलला वाफ 20 टक्के कमी मिळाली, तर त्याचा वापर थेट 100 टक्के. सरासरीचा आकडा मात्र शांतपणे 80च दाखवत राहतो. सेलवरून वाफ नेणाऱ्या चॅनेलमधल्या प्रेशर ड्रॉपपुढे (दाबातल्या घटीपुढे) मॅनिफोल्डमधला नगण्य राहील अशी रचना आहे का, हे आधी तपासा. सीएफडीची, म्हणजे संगणकावरच्या प्रवाहाच्या गणिताची, जाळी बारीक करण्याचा नाद नंतर.

बटण सेलच्या चाचणीत वाफ सढळ हाताने दिलेली असते, त्यामुळे आत शिरणारी आणि बाहेर पडणारी वाफ जवळजवळ सारखीच. 90 टक्के वाफ आणि 10 टक्के हायड्रोजन आत घेऊन 80 टक्के वाफ वापरली, तर चॅनेलच्या दोन टोकांमधलं नर्न्स्ट व्होल्टेज (वायूंच्या मिश्रणावरून ठरणारं, करंट नसतानाचं व्होल्टेज) सुमारे 170 मिलिव्होल्टने बदलतं. मोठ्या सेलमध्येही सगळीकडे प्रवेशाजवळचंच मिश्रण धरून रोध काढलात, तर हा फरक तुम्ही नकळत रोधाच्या खात्यावर टाकता.

मॉडेलचे आणि चाचणीचे आकडे जुळत नसतील तर? आधी करंट बंद करा. याच मिश्रणाला, दुसऱ्या बाजूला हवा असताना, 800 अंशांना सुमारे 0.84 व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर सीलमधली गळती शोधा. तापमान चुकीच्या जागी मोजलंय का, तेही बघा, कारण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कित्येकदा सेलचं नव्हे, बाहेरच्या हवेचं तापमान सांगतो. हे न बघता एक्स्चेंज करंट डेन्सिटी (इलेक्ट्रोडवरच्या अभिक्रियेच्या वेगाचा मॉडेलमधला आकडा) खालीवर करून रेषा जुळवणं म्हणजे वजनकाट्याला बोट लावणं. आम्हीही लावलंय. करंट सुरू केल्यावरच फरक वाढत असेल, तर इंटरकनेक्टवरचा (दोन सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा) ऑक्साइडचा थर आणि स्पर्शरोध मॉडेलमध्ये आहेत का, ते पाहा. बटण सेलच्या चाचणीत तुमचा इंटरकनेक्ट नसतोच.

1.15 व्होल्टला हायड्रोजनच्या किलोमागे साडेतीस युनिट वीज असं लिहून टाळ्या घेणारे खूप. पाणी उकळायला आणि स्टॅकला तापमान टिकवायला लागलेली उष्णता त्याच तक्त्यात लिहा.

आणि एक. रबाळ्याच्या एका शेडमधल्या रिगचं (चाचणीच्या मांडणीचं) व्होल्टेज दर काही सेकंदांनी डुलायचं. आम्ही दोन दिवस मॉडेलचा टाइमस्टेप (गणितातलं वेळेचं पाऊल) छाटत बसलो, डेटावर फिल्टर लावले. तिसऱ्या दिवशी मी रिगपाशी जाऊन उभा राहिलो. वाफ बनवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या तापलेल्या तळावर पाणी थेंबाथेंबाने पडत होतं, आणि प्रत्येक थेंबाला चुर्र आवाज होऊन व्होल्टेज हलत होतं.