फ्लॅश ब्रॅकेट घेताना या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की फ्लॅश ब्रॅकेटची खरेदी सुरू होते आणि दरवर्षी तेच घडतं. ऑनलाइन फोटो बघितला, स्वस्त वाटला, मागवून टाकला. आपला कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश पिशवीत घालून दुकानात जावं आणि सगळं जोडून बघावं, एवढा धीर नवीन मुलांना नसतो. ब्रॅकेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने जोडायचा धातूचा सांगाडा. त्याचं काम एकच आहे: कॅमेरा आडवा असो वा उभा, फ्लॅश लेन्सच्या बरोबर वर, थोड्या उंचीवर धरून ठेवणं. हे ज्याला जमत नाही तो ब्रॅकेट फुकट मिळाला तरी घेऊ नका.

उभ्या फ्रेमचा विचारच न करणं

स्वस्तातला एल ब्रॅकेट म्हणजे खाली पट्टी, डावीकडे मूठ आणि मुठीवर फ्लॅशचा शू, म्हणजे फ्लॅश सरकवून बसवायची खाच. हा आकार मेट्झ ४५ सारख्या मुठीच्या फ्लॅशच्या काळातला. तेव्हाच्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यांची फ्रेम ६×६ सें.मी., म्हणजे चौकोनी. कॅमेरा उभा धरायची वेळच येत नसे. आजची फ्रेम ३:२ आहे आणि रिसेप्शनमध्ये जोडप्याचे कितीतरी फोटो उभे घ्यावे लागतात.

आता स्टेजवर काय होतं ते बघा. आहेर द्यायला रांग लागलेली, नवरा-नवरीच्या मागे हात-दीड हातावर कापडाचा बॅकड्रॉप. फोटोग्राफर सवयीने शटरचा हात वर नेऊन कॅमेरा उभा करतो. त्याबरोबर डावीकडची मूठ खाली जाते आणि फ्लॅश लेन्सच्या खाली येतो. उजेड हनुवटीखालून चढतो, नथीची सावली डोळ्याकडे सरकते, बॅकड्रॉपवर दोघांच्या डोक्यामागे मोठ्या काळ्या सावल्या उभ्या राहतात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फक्त एक्स्पोजर बघतो, ते ठीकच असतं. रांग पुढे सरकत राहते. चूक दिसते ती अल्बमच्या १२×३६ च्या पानावर, आणि तोवर मांडव उतरलेला असतो. त्वचा गुळगुळीत करता येते, खालून आलेला उजेड वरून आणता येत नाही.

हातात एल ब्रॅकेटच असेल तर उभी फ्रेम शटरचा हात खाली ठेवून घ्या. मूठ वर जाते आणि फ्लॅश लेन्सच्या वर येतो. सुरुवातीला मनगट अवघडतं, पण सवय होते. शिवाय डावा हात मुठीवर अडकला की झूम फिरवायला हात उरत नाही, हेही खरेदीआधी आठवा.

नवीन घेणार असाल तर दोनच प्रकार बघा. एकात फ्लॅशचा दांडा फिरतो. तो हलका असतो, पण दर वेळी आठवणीने फिरवावा लागतो. दुसऱ्यात फ्लॅश जागचा हलत नाही, कॅमेराच फिरतो. हा जड असतो, पण स्टेजसमोर उभं राहून आडवी-उभी-आडवी अशी भराभर कामं करायची असतील तर याला तोड नाही. विधींच्या वेळी गर्दीतून फिरायचं असेल तर पहिला बरा. दांड्याच्या सांध्याला दोन्ही टोकांना खट्ट असा पक्का आवाज आला पाहिजे. नुसता घट्ट वाटणारा सांधा उन्हाळ्याच्या एका सीझनमध्ये सैल होतो.

एका स्क्रूवर सगळा भार टाकणं

चार सेल घातलेला मोठा फ्लॅश अर्धा किलोच्या आसपास भरतो. तो वीतभर वर उभा, खाली बॉडी आणि २४-७० एफ २.८ सारखी लेन्स, आणि या सगळ्यांना जोडणारा पाव इंचाचा एकच स्क्रू. कॅमेरा उभा केला की फ्लॅशचं वजन बॉडीला त्या स्क्रूभोवती पिळतं. पट्टीवरचं रबर झिजलेलं असेल तर बॉडी हळूहळू तिरकी होत जाते. मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात त्या क्षणी फ्लॅश नवरीकडे न बघता शेजारच्या मामांवर रोखलेला असतो.

मग सुरू होतात जुगाड: व्हिजिटिंग कार्डाची घडी, दुहेरी टेप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पक्कडीने आवळणं. पक्कड लावली की बॉडीच्या तळाचे आटे जातात आणि दुरुस्तीचा खर्च ब्रॅकेटच्या किमतीपुढे जातो. खरा उपाय म्हणजे बॉडीच्या मागच्या कडेला टेकणारी ओठ असलेली प्लेट. ती आर्का पद्धतीची, म्हणजे तिरक्या कडा क्लॅम्पमध्ये पकडल्या जाणारी असेल तर ब्रॅकेटवर तसाच क्लॅम्प बसवा, म्हणजे काढ-घाल दोन सेकंदांची होते. प्लेट नसेल तर पट्टीवर पातळ कॉर्क चिकटवा, स्क्रू बोटांनी पूर्ण आवळा आणि वर नाण्याने पाव फेरा द्या. दर विधीनंतर अंगठ्याने तपासा. सप्तपदी झाली, हात स्क्रूवर गेलाच पाहिजे.

स्क्रूची लांबीही मोजा. सोनीच्या मॅन्युअलमध्ये ५.५ मि.मी.पेक्षा आखूड स्क्रू वापरा असं छापलेलं असतं. पट्टी पातळ आणि स्क्रू लांब असेल तर तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण बॉडी सैलच राहते.

बाकीच्या चुका

ब्रॅकेटने उजेड मऊ होतो हा समज सोडा. मऊपणा उजेडाच्या आकारावर ठरतो, आणि फ्लॅशचं तोंड वर गेलं तरी तेवढंच राहतं.

रेड आय, म्हणजे फोटोत डोळे लाल दिसणं, कमी होतो तो फ्लॅश आणि लेन्समधल्या कोनामुळे. लेन्सपासून २५ सें.मी. वर असलेला फ्लॅश ३ मीटरवरच्या माणसाशी जेमतेम ५ अंशांचा कोन करतो, ६ मीटरवर त्याच्या निम्मा. लांबून फोटो काढून ब्रॅकेटला दोष देऊ नका.

पांढरं, बेताच्या उंचीचं छत असलेल्या मंगल कार्यालयात फ्लॅश छतावर मारा, ब्रॅकेट पिशवीतच राहू द्या. तो लागतो मोकळ्या लॉनवर आणि गुलाबी-पिवळ्या कापडाच्या मांडवात, जिथे छतावर मारलेला उजेड चेहऱ्यावर कापडाचा रंग घेऊन उतरतो.

ब्रॅकेटवरचा फ्लॅश कॅमेऱ्याला जोडायची केबल आपल्या कंपनीच्या शूचीच घ्या. सोनीच्या शूच्या पुढच्या कडेखाली बारीक पिना असतात, भलता शू दाबून बसवला की त्या वाकतात. निकॉनच्या एससी-२९ केबलच्या कॅमेऱ्याकडच्या टोकाला फोकससाठीचा लाल दिवा असतो, जुन्या डीएसएलआरवर त्याचा अंधारात फार उपयोग होतो. केबल नको असेल तर फ्लॅश बिनतारी पेटवणारा रेडिओ ट्रिगर वापरा, पण त्याचे सेल वेगळे ठेवा.

फ्लॅश बसतो तो ब्रॅकेटचा शू पूर्ण धातूचा असेल तर फ्लॅशच्या खालचे पॉइंट शॉर्ट होऊन तो मधेच पेटतो किंवा पेटतच नाही. आत प्लास्टिकची पट्टी आहे ना, ते बघा.

दुकानात सगळं जोडल्यावर बॅटरीचं झाकण उघडून बघा. पट्टी झाकणावर येत असेल तर बॅटरी बदलायला दर वेळी ब्रॅकेट काढावा लागेल. बॅटरी ग्रिप लावत असाल तर ग्रिपसकट जोडा, कारण बॉडीची उंची वाढली की फ्लॅश लेन्सच्या तितका वर राहत नाही. ब्रॅकेटच्या खाली ट्रायपॉडचं भोक आहे का तेही बघून घ्या, फॅमिली ग्रुप फोटोच्या वेळी ते लागतंच.