शिंपल्यांचा आठवडा: किनाऱ्यावरच्या बालवाडीसाठी

बालवाडीत रोज नवा विषय काढायचा मोह आवरा. सोमवारी फळं, मंगळवारी वाहनं, बुधवारी प्राणी असं केलं, की वस्तू मुलांच्या हातात रुळायच्या आतच उचलल्या जातात. एकच वस्तू आठवडाभर ठेवा आणि रोज तिच्याशी वेगळं काम काढा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरजवळच्या किनाऱ्यावर बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं अशाच वस्तू वापरल्या. आपल्या दाराशी तर समुद्र आहे.

आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. सोमवारी चतुर्थी ते षष्ठी येईल असा आठवडा निवडा, म्हणजे सकाळी वाळू मोकळी मिळते. वेळ गावातल्या होडीवाल्याला विचारून पक्की करा. पावसाळ्यात मात्र मुलांना किनाऱ्यावर नेऊच नका.

सोमवारी पालकांना सोबत घेऊन जा आणि पाणी चढायच्या आत परता. फक्त रिकामे शिंपले उचलायचे. शंखात खेकडा किंवा गोगलगाय दिसली तर शंख तिथंच ठेवायचा. शंकूच्या आकाराच्या शंखाला मुलांनी हात लावायचा नाही; आतला प्राणी जिवंत असला तर त्याचा डंख विषारी असतो. परत आल्यावर शिंपले गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. धारदार आणि अगदी बारीक तुकडे काढून टाका, कारण लहान मुलं वस्तू तोंडात घालतात.

मंगळवारचं काम सगळ्यात मोलाचं, त्याला भरपूर वेळ द्या. प्रत्येक गटापुढे शिंपल्यांचा ढीग आणि तीन-चार करवंट्या ठेवून एवढंच म्हणा, “सारखे सारखे एकत्र ठेवा.” सारखे म्हणजे कसे, ते सांगू नका. कुणी रंग बघेल, कुणी आकार. कुणी मोठा, मधला, छोटा असे लावून “हे बाबा, ही आई, हे बाळ” म्हणेल. तेही वर्गीकरणच, ते मोडू नका. “हा इथं का ठेवलास?” असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मग म्हणा, “आता वेगळ्या तऱ्हेनं लावूया का?” मूल मालवणीत बोललं तर मालवणीतच ऐका. त्या वेळी भाषा सुधारायला गेलात, तर विचार तिथंच थांबतो.

बुधवारी मोजणी. या वयात तोंड पुढं पळतं आणि बोट मागं राहतं, म्हणून अंक म्हणताना प्रत्येक शिंपला एका करवंटीतून दुसरीत टाकायला लावा. लहानांना पाचपर्यंत पुरे, मोठ्यांना दहापर्यंत. शेवटी “मग किती झाले?” हे विचाराच. पुन्हा पहिल्यापासून मोजणाऱ्या मुलाला अजून सराव हवा आहे, रागावण्यासारखं काही नाही.

गुरुवारी ओल्या वाळूच्या परातीत शिंपला-शंख-शिंपला अशी नक्षी मांडू द्या, मातीच्या गोळ्यावर ठसे उठवू द्या. नमुना करून दाखवू नका, नाहीतर सगळ्यांचं काम एकसारखंच होतं.

शुक्रवारी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या एखाद्या आईला किंवा आजीला वर्गात बोलवा. तिसऱ्या कुठं सापडतात, वाळूत कशा ओळखायच्या, घरी कशा साफ करतात, हे तिच्या तोंडून ऐकण्यासारखं असतं. आपल्या घरचं काम शाळेत मानानं सांगितलं जातंय, हे त्या घरच्या मुलाला कळायला हवं.

शनिवारी नवं काही घेऊ नका. आठवड्यातलं हवं ते काम मुलांनी निवडावं. कोण काय निवडतं, किती वेळ रमतं आणि काय बोलतं, ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपा. पुढच्या सोमवारी नवा विषय आला तरी करवंट्या कोपऱ्यात राहू द्या. काही मुलं आठवडाभर नुसती बघतात आणि नंतर हात घालतात.