जड यंत्रे हलवण्यासाठी चाकांची ट्रॉली

घरच्या वर्कशॉपमध्ये पिलर ड्रिल (खांबावर बसवलेले उभे ड्रिल) किंवा बँडसॉसारखे (पट्टीच्या करवतीसारखे) जड यंत्र एकट्यादुकट्याने हलवायचे असेल, तर चार चाकांची बसकी ट्रॉली फार उपयोगी पडते. मात्र चाके विचारपूर्वक निवडली नाहीत, तर तीच ट्रॉली धोक्याची ठरते.

चाकांची क्षमता ठरवताना एकूण वजनाला चारने नव्हे, तर तीनने भागावे. जमीन क्वचितच पूर्ण सपाट असते, त्यामुळे सरकताना एखादे चाक अधांतरी राहते आणि सगळा भार उरलेल्या तीन चाकांवर येतो. ट्रॉलीसह वजन २४० किलो भरत असेल, तर प्रत्येक चाक किमान ८० किलो पेलणारे हवे. मी १०० किलोचेच घ्यायला सांगेन. व्यासाकडेही तितकेच लक्ष द्यावे. ५० मिलिमीटरचे चाक जमिनीवर पडलेल्या एखाद्या स्क्रूला अडून जागीच थांबते आणि वरचे यंत्र मात्र पुढे झुकते. १०० मिलिमीटरचे चाक तोच अडथळा अधिक सहज ओलांडते, पण यंत्राची उंची वाढवते, म्हणून उंच यंत्राखालची चौकट रुंद ठेवावी. मऊ रबराची चाके भाराखाली एकाच जागी राहिली की चपटी होतात. काँक्रीटच्या जमिनीवर पॉलियुरेथेनची चाके चांगली.

खरी जोखीम यंत्र ट्रॉलीवर चढवताना असते. आधी प्लग काढावा, सुटे भाग उतरवावेत आणि ट्रॉलीच्या चाकांना पाचरी लावाव्यात. मग पहारीने यंत्राची एक बाजू थोडी उचलून खाली लाकडी ठोकळा सारावा, नंतर दुसरी बाजू, असे करत ट्रॉलीच्या उंचीपर्यंत यावे. ठोकळा हाताने नव्हे, दुसऱ्या लाकडाने ढकलावा. पहार निसटली, तर बोटे काढून घ्यायला वेळच मिळत नाही. मग यंत्र ट्रॉलीवर सरकवावे आणि मधोमध येताच पट्ट्याने घट्ट बांधावे.

वाट झाडून घेतल्यावर यंत्राला खालच्या बाजूने, सावकाश ढकलावे. डोक्याकडे जड असलेले पिलर ड्रिल वरून ढकलले, तर चाक अडताच ते उलटते. उतारावर यंत्राच्या उतरत्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

ब्रेक लावला म्हणून यंत्र ट्रॉलीवरच चालवू नये, कारण साधा ब्रेक चाकाचे फिरणे थांबवतो, पण दिशा बदलणाऱ्या चाकाच्या मानेतली, म्हणजे चाक जिथे वळते त्या सांध्यातली, ढिलाई तशीच राहते. ट्रॉलीला स्क्रूचे पाय बसवून घ्यावेत, चाके जमिनीवरून सुटेपर्यंत ते खाली उतरवावेत आणि यंत्र हाताने हलवून पाहिल्यावरच प्लग लावावा.