जुनी स्कोडा सुपर्ब किंवा टोयोटा कॅम्रीसारखी मोठी सेडान घेताय?

नाशिकला येणाऱ्या अशा बऱ्याच गाड्या मुंबई-ठाण्याच्या असतात, म्हणून पहिली शंका पाण्याची घ्यायची. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ आणि आतला भाग मळकट, चिखलाच्या रेघेचा असेल, तर गाडी बुडालेली असू शकते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्राही बघा, तिथे माती किंवा गंज लपत नाही. नुसता शाम्पूचा घमघमाट आला तर मला जास्तच संशय येतो!

मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनच खरं बोलतं.

ऑटोमॅटिक असेल तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रांगत चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके बसले की खर्च मोठा, कारण या वर्गात गिअरबॉक्सचं काम लाखाच्या घरात सहज जातं. गाडी जुनी झाली म्हणून पार्ट स्वस्त होत नाहीत.

टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. किलोमीटर मीटरवर नको, सर्व्हिस रेकॉर्डवर तपासा. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा दिसत असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका, विक्रेता कितीही 'दादा, घरचीच गाडी समजा' म्हणाला तरी.