मातीतले आणि पाण्यातले सूक्ष्मजीव मोजताय? या चुका टाळा

समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते दिसतात, मोजता येतात. तेच पाणी अगारच्या प्लेटवर (जेलीसारख्या माध्यमाच्या बशीवर) पसरवलं, तर बहुतेक वेळा त्यातल्या एक टक्क्याच्याही कॉलन्या (नुसत्या डोळ्यांना दिसणारे जिवाणूंचे ठिपके) उगवत नाहीत. जेम्स स्टेली आणि ॲलन कोनोप्का यांनी १९८५ मध्ये या तफावतीला ‘ग्रेट प्लेट काउंट ॲनोमली’ असं नाव दिलं. प्लेटवर वाढू शकणाऱ्यांचाच हिशोब प्लेट देते आणि तो हिशोब बरोबरच असतो. गडबड होते ती तो आकडा ‘पाण्यातले एकूण जिवाणू’ म्हणून अहवालात लिहिताना. निसर्गातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातले बरेचसे घोटाळे मला याच जातीचे वाटतात. आकडा खरा असतो, पण तो नेमका कशाचा आहे हे विचारायचं राहून जातं.

प्लेटवर काहीच उगवत नाही

पहिली शंका माध्यमावर घ्या. माती आणि स्वच्छ पाणी यांतले पुष्कळ जिवाणू अगदी तुटपुंज्या अन्नावर जगणारे असतात; पोषक द्रव्यांनी भरलेलं माध्यम त्यांना मानवत नाही. आर२ए सारखं कमी पोषक द्रव्यांचं माध्यम, कमी तापमान आणि निदान आठवडाभराची वाट, एवढ्यानेही कॉलन्या वाढतात. दुसरी गोष्ट फारशी कुणी पाहत नाही. फॉस्फेट आणि अगार एकाच फ्लास्कमध्ये घालून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) केले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू त्यानेच मरतात. दोन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. खर्च शून्य, कॉलन्या मात्र जास्त.

धीर धरायला सबळ कारण आहे. सार११ या समुद्री जिवाणूंच्या गटाचे जनुक सारगासो समुद्राच्या पाण्यात सापडल्याची नोंद १९९० मध्ये झाली. ते प्रयोगशाळेत वाढवल्याची बातमी आली २००२ मध्ये, तीही निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्यात, एकेका कप्प्यात मोजक्याच पेशी पडतील इतकं विरल करून.

एकाच खड्ड्यातल्या पाच नळ्या

एकाच खड्ड्यातून मातीच्या पाच नळ्या भरल्या, तर त्यांवरून त्या खड्ड्याबद्दल बोलता येतं, शेताबद्दल किंवा जंगलाबद्दल नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच अशा खोट्या पुनरावृत्तीवर बोट ठेवलं होतं, तरी ती अजून सर्रास दिसते. मातीचं एक ढेकूळ घेतलं तरी बाहेरच्या बाजूला ऑक्सिजन असतो आणि काही मिलिमीटर आत तो संपलेला असू शकतो. तिथे राहणारे वेगळे, त्यांचं कामही वेगळं. त्यामुळे नमुने जागा बदलून घ्या आणि किती खोलीवरून घेतले ते लिहा. पीएच मोजायला विसरू नका. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मातींच्या तुलनेत (२००६) जिवाणूंची विविधता सर्वांत जास्त पीएचशी जुळली होती, तापमानाशी नव्हे.

पाणी बाटलीत भरल्या क्षणापासून आतला समुदाय बदलायला लागतो. शक्य तितक्या लवकर गाळा आणि गोठवा. सगळे नमुने सारख्याच पद्धतीने साठवा, नाहीतर साठवणीतला फरक तुम्ही ऋतूंतला फरक म्हणून मांडाल. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून पार होणारे अतिसूक्ष्म जिवाणू असतात, विशेषतः भूजलात. खाली गेलेलं पाणी निर्जीव असल्याचं गृहीत धरू नका.

बँड आला नाही म्हणून जास्त डीएनए टाकणं

मातीवर काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं; त्या जेलवर पट्ट्यासारख्या, म्हणजे बँड म्हणून, दिसतात. जेलवर बँड नाही, म्हणजे डीएनए कमी पडला असं वाटतं आणि हात आपोआप जास्त डीएनएकडे जातो. पण मातीतली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पदार्थांतली तपकिरी द्रव्यं) डीएनएसोबतच येतात आणि पीसीआरचं एन्झाइम अडवतात. जास्त डीएनए टाकला की ती आम्लंही जास्त जातात. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट तपकिरी झाक दिसली की संशय घ्यायला हवा. मग तोच डीएनए दहापट विरल करून क्यूपीसीआर (प्रती तयार होताना त्या मोजणारा पीसीआर) लावा. अडथळा नसेल तर सिग्नल साधारण ३.३ चक्रं उशिरा यायला हवा. तो विरल न केलेल्या डीएनएइतक्याच चक्राला किंवा त्याआधीच आला, तर दोष ह्युमिक आम्लांचा. विरल करून वापरा, मिश्रणात बीएसए (अडथळा कमी करणारं प्रथिन) घाला किंवा डीएनए पुन्हा कॉलममधून शुद्ध करा. अडथळ्याची ही तपासणी न करता क्यूपीसीआरचे आकडे छापू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पेशी फोडण्याची पायरीही इथलीच. जाड भित्तिकेचे जिवाणू आणि बीजाणू नुसत्या रसायनांनी नीट फुटत नाहीत, मण्यांनी हलवावे लागतात. एका प्रकल्पात मध्येच डीएनए काढायचं किट बदललं, तर आधीचे आणि नंतरचे निकाल शेजारी ठेवू नका.

कोरा नमुना न ठेवणं

कोरा नमुना म्हणजे माती-पाणी न घालता बाकी सगळ्या पायऱ्यांतून नेलेली नळी. २०१४ मध्ये एका गटाने साल्मोनेला बोंगोरी या जिवाणूचं शुद्ध संवर्धन टप्प्याटप्प्याने विरल केलं आणि प्रत्येक टप्प्याचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) केलं. नळीत एकच जिवाणू असायला हवा होता. पेशी कमी होत गेल्या तशी परकी नावं वाढत गेली आणि शेवटी त्यांनीच जागा व्यापली. ती नावं किटमधून आणि रसायनांमधून आलेली होती. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, स्यूडोमोनास ही त्या यादीतली नेहमीची मंडळी. अवघड हे, की यातली काही माती-पाण्यात खरोखरच राहतात, त्यामुळे निकाल पाहून कुणाला शंकाही येत नाही.

खोल खडक, बर्फ, भूजल अशा कमी पेशींच्या नमुन्यांत तर कोऱ्या नमुन्याशिवाय कामच सुरू करू नका. नमुना घेताना एक, डीएनए काढताना एक, पीसीआरला एक. जेलवर काही दिसलं नाही तरी त्यांचं सिक्वेन्सिंग करा. मात्र कोऱ्यात दिसलेलं प्रत्येक नाव डोळे झाकून वगळू नका, कारण सिक्वेन्सिंगच्या वेळी तुमच्याच भरगच्च नमुन्यातले थोडे रीड्स (वाचलेले डीएनए क्रम) टॅगच्या (नमुना ओळखण्याच्या खुणेच्या) अदलाबदलीने कोऱ्यात शिरतात. डीएनए जितका कमी, तितका ज्याचा वाटा जास्त, तो संशयित. आणि सगळे ‘आधीचे’ नमुने एका दिवशी, ‘नंतरचे’ दुसऱ्या दिवशी अशा क्रमाने डीएनए काढू नका, दोन्ही प्रकारचे नमुने आलटून-पालटून घ्या.

टक्केवारीला संख्या समजणं

समजा अ आणि ब दोघांच्याही ५० लाख पेशी आहेत. पाऊस पडला, अ दीड कोटी झाला, ब जिथल्या तिथे. सिक्वेन्सिंगमध्ये ब ५० टक्क्यांवरून २५ वर आलेला दिसेल आणि ‘पावसाने ब घटला’ असं लिहिलं जाईल. बच्या पेशी मात्र तेवढ्याच आहेत. एकूण संख्या क्यूपीसीआरने किंवा फ्लो सायटोमेट्रीने (लेझरसमोरून पेशी एकेक नेऊन) वेगळी मोजा, किंवा माहीत असलेल्या प्रमाणात परका डीएनए सुरुवातीलाच मिसळा. यातलं काहीच जमलं नाही तर निदान लॉग-गुणोत्तरांत (एका गटाच्या दुसऱ्याशी असलेल्या प्रमाणाच्या लॉगमध्ये) बोला.

रीड्स म्हणजे पेशीही नव्हेत. १६एस या, जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या प्रती बॅसिलस सबटिलिसमध्ये १०, ई. कोलायमध्ये ७, सार११ मधल्या पेलाजिबॅक्टरमध्ये एकच. त्यात पेलाजिबॅक्टरवर दुहेरी अन्याय झाला, कारण खूप वापरात असलेल्या ५१५एफ–८०६आर या प्रायमरांच्या (पीसीआर जिथून सुरू होतो त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) जोडीतला एक प्रायमर सार११ला नीट चिकटत नव्हता. तो २०१५ मध्ये सुधारला गेला. जुन्या समुद्री आकड्यांशी तुलना करताना आधी प्रायमर पाहा. झाडं किंवा शैवाल असलेल्या नमुन्यांत हरितलवकांचे रीड्सही जिवाणूंत मिसळतात. ते गाळा.

विविधतेबद्दल थोडक्यात: कमी-जास्त रीड्स असलेल्या नमुन्यांची थेट तुलना नको. आणि रीड्समधल्या चुका गाळणारं डाडा२ हे सॉफ्टवेअर एकदाच दिसलेले क्रम टाकून देतं, तर एकूण प्रकार किती याचा चाओ१ हा अंदाज त्यांच्यावरच उभा असतो. दोन्ही एकत्र वापरले की येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

नाव सापडलं म्हणजे काम कळलं?

आधी तो जिवंत आहे का ते पाहा. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या डीएनएपैकी सरासरी सुमारे ४० टक्के मेलेल्या पेशींचा निघाला. आणि जिवंत असला तरी ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा प्रकार के-१२ या प्रयोगशाळेतल्या प्रकारात नसलेली १,३०० हून जास्त जनुकं बाळगतो. १६एसवरून दोघे जवळपास सारखेच दिसतात. मग नावावरून नायट्रोजनचक्रातली भूमिका कशी ठरवणार? त्यासाठी त्या कामाचं जनुक शोधा, अभिक्रियेचा वेग मोजा किंवा समस्थानिक वापरा.

कोणता जिवाणू कोणासोबत दिसतो ते दाखवणाऱ्या जाळ्यांच्या आकृत्यांबाबतही हेच. दोन जिवाणू नेहमी सोबत दिसतात, कारण कदाचित दोघांना तोच पीएच मानवतो. आधी पीएच आणि ओलावा हिशोबात धरा, मग उरलेल्या जोड्यांपैकी दोन-तीन निवडा आणि त्या एकत्र व वेगवेगळ्या वाढवून पाहा.