कॉलेजमध्ये समता, शांतता यावर काम करायचंय? मग गेटच्या आतून सुरुवात करा

दरवर्षी ॲडमिशन संपून कॉलेजं नीट सुरू झाली की कोणीतरी विचारतंच, ताई आम्हाला कॅम्पसवर काहीतरी सामाजिक करायचंय, कुठून सुरू करू? आणि बहुतेक वेळा डोक्यात पोस्टर स्पर्धा नाहीतर कॅंडल मार्च आधीच ठरलेला असतो. दोन्ही करा, पण पहिलं काम ते नको. आपल्याच कॉलेजात कोणावर अन्याय होतोय ते आधी बघा, त्यातला एकच विषय धरा आणि तो धसास लागेपर्यंत सोडू नका. मी तरी हेच सांगेन, बाकी सगळं याच्या मागून येतं.

माणसं पाच-सहा पुरतात, फक्त सगळी एकाच कट्ट्यावरची नकोत. होस्टेलवरचं कोणीतरी हवं, कमवा आणि शिकामध्ये तास भरणारं कोणीतरी हवं, लोकलने तळेगाव-लोणावळ्याकडून पुण्याला अप-डाऊन करणारी एखादी हवी, बाहेरच्या राज्यातून आलेलं कोणी हवं. मेसचे पैसे थकले की काय होतं हे ज्याचे थकलेत त्यालाच माहीत असतं, आपण कितीही संवेदनशील असलो तरी. पहिले दोन आठवडे कार्यक्रम वगैरे काही ठरवू नका, फक्त लोकांशी बोला. आणि बोलताना प्रश्न साधे ठेवा. "तुझ्यावर जातीवरून अन्याय झालाय का" असं थेट विचारलं तर समोरचा गप्प बसतो, पण रूम शोधताना मालकाने काय काय विचारलं हे विचारा, मग आडनावापासून नॉनव्हेजपर्यंत सगळं बाहेर येतं. प्रोजेक्टला ग्रुप करताना कोण उरतं? ओरलला मराठीत उत्तर दिलं तर चालतं का? स्कॉलरशिप कितव्या वर्षाची अडकलीये? अशा गप्पांमधूनच कळतं की तुमच्या कॉलेजचा विषय कोणता आहे.

बहुतेक कॉलेजांमध्ये एक विषय डोळ्यासमोरच असतो तो म्हणजे सफाईच्या मावशी आणि सिक्युरिटीचे काका, कारण ते हल्ली जवळपास सगळीकडे कंत्राटावर असतात. मावशी डबा कुठे बसून खातात बघा, जिन्याखाली बादल्या आणि मॉपच्या शेजारी बसून खात असतील तर तुमचा पहिला विषय तिथेच मिळाला. त्यांच्यासाठी एक पंखा असलेली खोली, बाक, पिण्याचं पाणी, कपडे बदलायला कडी लागणारं दार, एवढी मागणी कोणत्याही प्राचार्यांना नाही म्हणायला जड जाते. मग पुढचा मुद्दा पगार आणि पीएफ. पगारातून पीएफ कापतात पण तो भरतात का, हे बघता येतं, त्यांचा 12 आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मिळाला आणि त्या नंबरला नोंदवलेला मोबाईल हाताशी असला की उमंग या सरकारी ॲपवर पासबुक दिसतं. किती तरी जणींनी ते कधी पाहिलेलंच नसतं, शेजारी बसून शांतपणे उघडून दाखवा. किमान वेतनात विशेष भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे आकडा ताजा बघा, दोन वर्षांपूर्वीचा पकडून भांडायला जाऊ नका. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी कॉलेजवर येते, ऑफिसात "तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे" असं म्हणाले तर हे नम्रपणे सांगायचं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, मावशींचं नाव, फोटो, व्हिडिओ काहीही बाहेर जाऊ देऊ नका. तुमची स्टोरी 24 तासांत जाते पण त्यांना दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको सांगितलं जाऊ शकतं. अर्ज विद्यार्थ्यांच्या सहीने द्या, आणि द्यायच्या आधी मावशींना वाचून दाखवा, त्या नको म्हणाल्या तर थांबा. त्यांच्या हक्काचं आहे तर निर्णयही त्यांचाच.

अर्ज कोणताही असो, दोन प्रती न्या, ऑफिसला इनवर्ड करून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका, "बघू, सांगतो" मध्ये सेमिस्टर निघून जातं आणि मग टोलवाटोलवी सुरू होते. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, फी 10 रुपये आणि 30 दिवसांत उत्तर.

दुसरं काम, ज्याचा कधी गाजावाजा होत नाही पण ज्याने पोरं शिक्षणात टिकतात, ते म्हणजे महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, मदत कट्टा. कॅन्टीनजवळ एक टेबल, एक लॅपटॉप, दुपारचे दोन तास. गावाकडून पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मुलाला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, गॅपचं ॲफिडेविट हे सगळं एकट्याने जमवायचं असतं आणि घरी विचारायला कोणी नसतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि नुसतं खातं आधारला लिंक असणं वेगळं आणि सीडिंग ॲक्टिव्ह असणं, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून त्याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद चालू असणं वेगळं, हे बँकेत जाऊन तपासून घ्यायला सांगा. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो किंवा त्रुटी काढून परत येतो आणि मुलाला पत्ताच नसतो. म्हणून एका वहीत नाव, ॲप्लिकेशन आयडी आणि शेवटचं स्टेटस लिहा आणि दर सोमवारी चेक करा. ओटीपी आणि पासवर्ड मात्र ज्याचा त्यानेच टाकायचा, आपण लिहून घ्यायचा नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीची अंतर्गत समिती सगळीकडे असायलाच हवी, 2013 च्या कायद्याने आणि यूजीसीच्या 2015 च्या नियमांनी. तुमच्याकडे तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर आहेत का बघा, त्यात बाहेरची एक व्यक्ती आणि विद्यार्थी प्रतिनिधी आहेत का तेही विचारा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते हे फर्स्ट इयरच्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कळलं पाहिजे.

आता शांततेचं. कुठेतरी काहीतरी घडतं, क्लासच्या ग्रुपवर फॉरवर्ड यायला लागतात, आणि काल एकत्र चहा पिणारी मुलं आज वेगळ्या बाकांवर बसतात. अशा वेळी वादविवाद अजिबात ठेवू नका, त्याने लोक आपापल्या बाजूला अजून घट्ट होतात. बारा-पंधरा जण गोल बसा, मोबाईल एका पिशवीत, प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. नियम एकच, "मी ऐकलंय की" चालणार नाही, जे स्वतः पाहिलं किंवा स्वतःवर बेतलं तेवढंच बोलायचं. कोणीतरी म्हणतं की घरून फोन आला, दोन दिवस बाहेर पडू नकोस, आणि मग फॉरवर्ड करणाऱ्यालाही पहिल्यांदा कळतं की त्याच्या शेजारी बसणारी मुलगी घाबरलेली आहे. त्या दिवशी मनं जुळलीच पाहिजेत असा हट्ट नको, ऐकून घेतलं तरी पुष्कळ झालं. कोणाला धमकी आली असेल तर मात्र सर्कल वगैरे बाजूला ठेवा, विश्वासातल्या सरांना सांगा आणि 112 लावा.

नवीन मुलांना जोडायला पुण्यासारखं शहर नाही. रविवारी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून चालायला निघा, त्या पुलाला अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे आणि तिथेच 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. तिथून बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागी, म्हणजे दगडूशेठच्या समोर, जिथे 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. जुना वाडा 2023 मध्ये पाडलाय, स्मारकासाठी. शेवट गंज पेठेत फुलेवाड्यात करा आणि हौदाजवळ थांबा. 1868 मध्ये जोतिबांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, सावित्रीबाई सोबत होत्या. इथे भाषण करू नका, फक्त विचारा की आपल्या कॉलेजात असं कोणासाठी काय बंद आहे. नंतर मिसळ खाताना जे बोलणं होतं त्यातून पुढचा विषय निघतो.

पाहुणे बोलवायचे तर प्रत्येक वेळी प्राध्यापकच कशाला, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून पुण्यात आहे, तिथल्या कचरावेचक ताईंना बोलवा आणि जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन द्या, कारण त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. पथनाट्य करायचं असेल तर फिरोदिया-पुरुषोत्तम या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धा करणाऱ्यांना गाठा, त्यांच्या तालमी सुरू व्हायच्या आधी. एनएसएसच्या वर्षाच्या 120 तासांत यातलं बरंच बसतं, प्रोग्राम ऑफिसरना आधी भेटून तास मान्य करून घ्या, पोरं टिकतात.

आणि एप्रिलमध्ये, परीक्षा अंगावर यायच्या आधी, ती स्कॉलरशिपची वही सेकंड इयरच्या दोघांच्या हातात द्या. सोबत इनवर्ड केलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती, कोणत्या मागणीवर ऑफिसने काय लिहून दिलं, अडकलेल्या स्कॉलरशिपची यादी आणि ज्यांच्या आहेत त्यांची परवानगी, आणि मावशींच्या खोलीचं काम कुठवर आलंय. त्या दोघांना घेऊन एकदा ऑफिसात जाऊन या, म्हणजे जूनमध्ये हेडक्लार्क त्यांना ओळखतील.